खडा दाखव, मग नाच

आमच्या गावात मुतखड्याचं ऑपरेशन करून आलेल्या माणसाकडे लोक तब्येत विचारायला येत नाहीत, खडा बघायला येतात. डॉक्टरांनी औषधाच्या छोट्या बाटलीत घालून दिलेला तो खडा हातोहात फिरतो. कोणी म्हणतं चण्याएवढा आहे, कोणी म्हणतं लाखोळीच्या दाण्याएवढा. एखादी म्हातारी बाटली कानाशी नेऊन वाजवून बघते. मग ती बाटली टीव्हीशेजारी जाऊन बसते आणि वर्षानुवर्षं पाहुण्यांना दाखवली जाते. आमच्याकडे उन्हाळा कडक, पाणी जड, आणि धानात किंवा मोह वेचताना पाणी प्यायची आठवण कोणाला होत नाही. त्यामुळे अशा बाटल्या बऱ्याच घरांत आहेत. बाटली नसेल तर ऑपरेशन झालं असं गाव मानत नाही.

हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी मी जी दुर्बीण बनवली, तिच्यातून खडा बाहेर काढण्याची वाटच ठेवली नाही.

आमचं गाव चिमूरच्या पुढे, जंगलाच्या काठावर आहे. मी नागपूरला एका छोट्या कारखान्यात काम करते. तिथे आम्ही चारपाच जण मिळून शरीरात घालायच्या दुर्बिणी तयार करतो. गावात मी इतकंच सांगत असे की दुर्बिणी बनवते, आणि ताडोबात वाघ बघायला येणारे लोक गळ्यात घालतात त्या मीच बनवते, असं बरेच दिवस सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मीही ते खोडून काढलं नाही. आमची नळी लघवीच्या वाटेने आत जाऊन किडनीपर्यंत पोचते, हे पारावर बसून समजावण्यापेक्षा वाघ बरा.

नळीचं काम मात्र मला मनापासून आवडायचं, अजूनही आवडतं. जुन्या पद्धतीत नळीला एक पोकळ वाट असते. डॉक्टर तिच्यातून लेझरची काचेची तार आत सरकवतात. तार घोड्याच्या शेपटीच्या केसाइतकीच बारीक, पण ती ताठ असते. तिच्यामुळे नळी हवी तितकी वळत नाही आणि किडनीच्या तळच्या कप्प्यात खडा असला तर तिथपर्यंत तोंड पोचत नाही. शिवाय तार वाट अडवते, पाणी कमी जातं, आणि खड्याची भुकटी उडायला लागली की समोर गढूळ नाल्यासारखं दिसतं. आम्ही ठरवलं की तार वेगळी घालायचीच नाही. ती नळीच्या भिंतीतच बसवायची, कॅमेऱ्याच्या शेजारी, आणि पोकळ वाट फक्त पाण्यासाठी ठेवायची. मग नळी बारीक करता येईल, पेनच्या रिफिलइतकी.

सांगायला सोपं आहे. पहिल्या नळ्यांत तारेचं टोक कॅमेऱ्याच्या इतकं जवळ होतं की लेझर सुरू केला की पडदा पांढरा व्हायचा. टोक पुढे नेलं तर ते खडूसारखं झिजायचं आणि थोड्या वेळाने खड्यापर्यंत पोचायचंच नाही. शेवटी मुठीवर एक छोटं चाक बसवलं. अंगठ्याने ते फिरवलं की तार नखभर पुढे येते, तेवढीच मागे जाते. ते चाक बसेपर्यंत माझे कितीतरी शनिवार चंद्रपूरला गेले. तिथले एक मूत्ररोगाचे डॉक्टर आमच्या नळ्या तपासून देत. ढोबळी मिरचीच्या आत प्लास्टरचे खडे ठेवून ते नळी चालवत, कारण मिरचीला आतून कप्पे असतात. मिरच्या उरल्या की माझ्याच पिशवीत टाकत. आमच्या घरी त्या वर्षी ढोबळी मिरचीची भाजी इतकी झाली की आईने शेवटी मला विचारलं, "तुह्या डाक्टरले वांगं चालत नाई का?"

खडा बाहेर कसा काढायचा, हा प्रश्न तेव्हा निघाला होता. पोकळ वाट इतकी अरुंद केली की तिच्यातून खडा पकडायची तारेची टोपली जाईना. डॉक्टर म्हणाले की टोपली कशाला पाहिजे, खड्याचं पीठच करून टाकू, ते लघवीवाटे निघून जाईल. नळी बारीक राहिली तर मूत्रनलिका सोलवटत नाही, आणि मग साध्या केसमध्ये आत स्टेंटची नळी ठेवून माणसाला पंधरवडाभर छळावं लागत नाही. मला हे पटलं. मी टोपलीची वाट कागदावरून पुसली. गावातल्या बाटल्यांचा विचार माझ्या मनात आला नाही.

नळीला परवानगी मिळाली, नागपूर-चंद्रपूरचे डॉक्टर ती वापरू लागले, आणि त्यानंतरच्या पावसाळ्याच्या शेवटी बाबांना खडा झाला.

बाबांना जाऊन आता वर्ष उलटलं. हृदयाने गेले, झोपेत. किडनीचा त्यात काही संबंध नव्हता. हे मुद्दाम लिहिते, कारण गावात अजूनही कोणी ना कोणी मला ते विचारतं. मी हे थोडं थोडं लिहिते आहे. एक परिच्छेद झाला की मला त्यांचं पुढचं काहीतरी आठवतं आणि मी हसत बसते, त्यामुळे काम पुढे सरकत नाही.

बाबा धानाची शेती करत. पण विचारलं तर ते आधी दंडारीचं सांगत. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं गावकऱ्यांचं नाटक. गाणी, नाच, सोंगं, आणि मधेच गावातल्या कोणाचीतरी उडवलेली खिल्ली. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, त्या जत्रेत दुपारच्या उन्हात दंडार होते. बायकांची सोंगं पुरुषच करतात. बाबा सासू व्हायचे. मला समजायला लागल्यापासून ते सासूच होते. ते सुनेला असं काही बोलत की समोर बसलेल्या खऱ्या सासवा पदर तोंडाला लावून हसायच्या आणि खऱ्या सुना त्याहून जोरात. एरवी बाबा कमी बोलणारे. घरात सासू नव्हतीच, आजी माझ्या जन्माआधी गेलेली. हे सगळं त्यांनी कुठून आणलं, मला कधी कळलं नाही.

त्या वर्षी उशिरा येणारं भारी धान फुलोऱ्यात असताना ते बांधावर पोट धरून बसले. सोनोग्राफीत डाव्या किडनीच्या तळच्या कप्प्यात खडा निघाला, बोराच्या बीएवढा. मी त्यांना चंद्रपूरच्या डॉक्टरांकडे नेलं. बाबांनी डॉक्टरांना एकच विचारलं, की मंडईला उभा राहीन का. डॉक्टर म्हणाले, पोरीच्या नळीने केलं तर राहाल. मग बाबांनी मला बाजूला घेऊन नळी कुठून जाते ते विचारलं. मी सांगितलं. 

"तुले दुसरं कोनतं काम नाई भेटलं का, माय?" ते म्हणाले. मग त्यांनाच हसू आलं.

ऑपरेशन सोपं झालं. मी बाहेर बसले होते. आपण बनवलेली वस्तू आपल्याच माणसाच्या शरीरात आहे, या विचाराने मी त्या बाकावर जे काही पुस्तक उघडलं होतं त्याचं एक पान पुढे गेलं नाही. डॉक्टर बाहेर आले ते चाकावर खूश होते. तळच्या कप्प्यात नळी पूर्ण वळली, खड्याचं पीठ झालं, स्टेंट ठेवायची गरज पडली नाही. चित्रण त्यांनी मला पेनड्राइव्हवर दिलं.

आम्ही घरी आलो आणि संध्याकाळी लोक आले. सगळ्यांत पुढे ढोलकीवाले काकाजी.

काकाजी दंडार मंडळाचे प्रमुख आणि बाबांचे लहानपणापासूनचे सोबती. ते ओट्यावर बसले, चहा घेतला, आणि हात पुढे केला. बाटली मागत होते. बाबा म्हणाले, खड्याचं पीठ झालं, बाटली नाही. काकाजींनी माझ्याकडे बघितलं. मी लेझरचं समजावून सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि पुन्हा बाबांकडे वळले.

"खडा दाखव," ते म्हणाले, "मंग नाच."

यात हट्ट होता, पण नुसता हट्ट नव्हता. काही वर्षांपूर्वी काकाजींना स्वतःला खडा झाला होता. कोणीतरी झाडपाल्याचं औषध दिलं आणि खडा विरघळला म्हणून सांगितलं. काकाजींनी खडा न बघता विश्वास ठेवला. शेजारच्या गावच्या मंडईत ऐन गाण्यात त्यांना कळ आली, ढोलकी थांबली, ते मंडपातच आडवे झाले. त्या गावच्या मंडळाने लगेच आपली दंडार सुरू केली आणि आमचे लोक सोंगं न उतरवता बैलबंडीत बसून परत आले. पुढे चंद्रपूरला काकाजींचा खडा काढला, तो बाटलीत आला, आणि तेव्हापासून मंडळात त्यांचा नियम होता: ज्याचा खडा दिसला नाही, तो मंडपात उभा राहणार नाही.

सासूचं सोंग त्यांनी दूध डेअरीतल्या एका माणसाला द्यायचं ठरवलंही. बाबांनी काकाजींसमोर मान डोलावली. रात्री जेवताना मात्र आईला म्हणाले की त्या माणसाला मिशा आहेत आणि त्या तो काढणार नाही. हे त्यांनी जेवण संपेपर्यंत वेगवेगळ्या शब्दांत तीनदा सांगितलं. आईने त्यांच्या ताटात भात वाढला आणि मला खुणेने सांगितलं, काहीतरी कर.

मी पहिल्यांदा चित्रण दाखवलं. आमच्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावला आणि मंडळाच्या लोकांना बोलावलं. आई म्हणाली, नवऱ्याच्या आतलं गावाला दाखवायचं असेल तर मी शेजारी जाऊन बसते, आणि ती गेली. अर्ध्या वाटेतून परत येऊन दाराआड उभी राहिली. पडद्यावर गुलाबी भिंती आल्या, एक वळण, दुसरं वळण, मग खालच्या कप्प्यात तो पिवळा खडा. लेझर लागला तशी भुकटी उडाली. मंडळी दंडार बघावी तशी बघत होती. कोणी म्हणालं मळणीत भुसा उडते तसं दिसून राह्यलं. कोणी बाबांना विचारलं, तुह्या आत इतकी जागा आहे तं जेवताना पोट काऊन भरते. खडा फुटून संपला तेव्हा दोघांनी टाळ्या वाजवल्या. बाबा टीव्हीशेजारी पाटावर नवरदेवासारखे बसले होते.

काकाजींनी टाळी वाजवली नाही. ते म्हणाले, "चांगलं आहे. पन हे तुह्याच पोटातलं आहे कशावरून?"

 आत कोणाचंही नाव लिहिलेलं नसतं.

मग बाबांनी आपला उपाय काढला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की भुकटी लघवीतून जाईल. बाबा मागच्या अंगणात मलमलचं फडकं घेऊन जाऊ लागले. आधी ते आईची चहाची गाळणी घेऊन निघाले होते. ती आईने ज्या शब्दांत परत मागितली, ते शब्द पुढे सासूच्या सोंगात आले. चार दिवसांत फडक्यावर चिमूटभर दाणे जमले. बाबांनी ते उन्हात वाळवले, औषधाच्या बाटलीत भरले आणि काकाजींच्या घरी नेऊन दिले. काकाजींनी बाटली उजेडात धरली, हलवली.

"हे तं रेती आहे गा. वैनगंगेत पायजे तेवढी भेटते."

बाबा परत आले ते सरळ धानाकडे निघून गेले. दिवाळी जवळ आली होती, लवकर येणारं हलकं धान कापणीला आलं होतं, आणि संध्याकाळी मंडळाच्या ओट्यावरून ढोलकीचा आवाज यायचा. बाबा त्या वेळी विळ्याला धार लावत बसायचे. धार आधीच लागलेली असायची. मी रजा वाढवली. मला पहिल्यांदाच माझ्या नळीचा राग आला. आठवत राहिलं की टोपलीची वाट ठेवली असती तर नळी जाड झाली असती, स्टेंट बसला असता, बाबांना नाचता आलं नसतं, पण खडा दाखवता आला असता. आता नाचता येत होतं आणि खडा नव्हता. दोन्ही एकत्र जमवणारी नळी मला तेव्हा सुचली नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही सुचलेली नाही.

तपासणीसाठी डॉक्टरांनी बोलावलं होतं. जायच्या आदल्या दिवशी मी काकाजींकडे गेले आणि म्हटलं, काकाजी, तुम्हीच सोबत चला. सोनोग्राफी तुमच्या डोळ्यांसमोर होईल. यंत्र बाबांच्या पोटावर असेल आणि चित्र समोर असेल, मग कोणाच्या पोटातलं आहे हा प्रश्न राहणार नाही. काकाजींनी विचार केला. धान कापायला आलेलं असताना दिवस मोडायचा म्हणजे मोठीच गोष्ट. पण ते आले. सोबत्याचा खडा गेला असावा असं त्यांनाही वाटत होतं, असं मला बसमध्ये जाणवलं. डेअरीतल्या माणसाचं सोंग कसं चाललं आहे, असं बाबांनी विचारलं, तर काकाजींनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "सासू नाई वाटत. ठानेदार वाटते."

डॉक्टरांनी बाबांना झोपवलं, पोटावर जेली लावली आणि यंत्र फिरवलं. काकाजी पडद्याच्या इतके जवळ उभे होते की डॉक्टरांना मान वाकडी करावी लागत होती. डावी किडनी स्वच्छ दिसली. काकाजींनी विचारलं की खडा असता तर कसा दिसला असता. डॉक्टर म्हणाले, पांढरा ठिपका आणि त्याच्यामागे काळी सावली. काकाजी म्हणाले, तो मी पाहिलाच नाही, तर तो नाही हे मले कसं कळावं?

डॉक्टर हसले. आज गर्दी कमी होती. ते म्हणाले, तुम्ही झोपा, तुमची दाखवतो, दोन निरोगी किडन्या शेजारी शेजारी बघितल्या की दोन्ही सारख्याच आहेत हे कळेल. काकाजी सदरा वर करून झोपले. डॉक्टरांनी यंत्र ठेवलं, थोडं सरकवलं, आणि थांबले. पडद्यावर एक पांढरा ठिपका होता. त्याच्यामागे काळी सावली.

 बाबा टेबलाच्या कडेला पोटाची जेली पुसत उभे होते. ते पडद्याजवळ आले.

"दिसला का बे खडा?" त्यांनी विचारलं.

काकाजी छताकडे बघत होते. "दिसला," ते म्हणाले.

"कोनाच्या पोटातला आहे?"

"गप ना बे."

हा नवा खडा लहान होता, घाबरण्यासारखा नव्हता. डॉक्टर म्हणाले, मंडई होऊ द्या, मग बघू, तोपर्यंत भरपूर पाणी प्या. काकाजींनी एकच विचारलं, ढोलकी वाजवू का? डॉक्टरांनी हो म्हटलं. मग काकाजींनी स्वतःचाच नियम आठवून बाबांकडे बघितलं, कारण नियमाने आता ज्याला थांबायचं होतं ते काकाजीच होते. बाबांनी परतीच्या बसमध्ये तो नियम मोडून टाकला. म्हणजे त्यांनी असं ठरवलं की खडा दिसला पाहिजे एवढाच नियम होता, आणि काकाजींचा तर चांगला दिसला होता. मी पुढच्या सीटवर बसून ऐकत होते. मागे वळले नाही. दोघं म्हातारे शाळकरी पोरांसारखे खिदळत होते आणि कंडक्टर तिकीट मागायला दोनदा येऊन गेला. सासू बाबांनीच करायची आणि डेअरीतल्या माणसाला ठाणेदाराचंच सोंग द्यायचं, हेही बसमध्येच ठरलं. त्या वर्षीच्या दंडारीत ठाणेदार नव्हता. तो त्याच्यासाठी घातला गेला.

मंडई भाऊबीजेनंतर भरली. शिंगाड्याचे ढीग, गोडशेव, उसाच्या मोळ्या, फुगे. दुपारी मंडपात दंडार सुरू झाली. मी बायकांच्या बाजूला आईशेजारी बसले होते. काकाजींच्या मांडीशी पाण्याची कळशी होती. सासू आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि सुनेला बोलायचं सोडून तिने ढोलकीवाल्याकडे बघितलं.

"पेलास का पानी?"

काकाजींनी मान हलवली. सासू म्हणाली, मी नाही पाहिलं, दाखवून पी. काकाजींना सगळ्यांसमोर तांब्याभर पाणी प्यावं लागलं. लोकांना काकाजींच्या नव्या खड्याचं ठाऊक नव्हतं, पण काहीतरी आहे हे त्यांनी ओळखलं आणि हसायला लागले. प्रत्येक गाण्यानंतर सासूने काकाजींना पाणी पाजलं. काकाजी रागाने बघत, पीत, आणि पुढचं गाणं आधीपेक्षा जोरात वाजवत. बाबा नाचत होते. मी त्यांच्या डाव्या कुशीकडे बघत होते, कळ येईल का, ते थांबतील का. मग कधीतरी माझं तिकडे बघणं सुटलं.

एवढं पाणी पोटात गेल्यावर जे व्हायचं ते झालं. ऐन रंगात काकाजींनी ढोलकी खाली ठेवली, उठले, आणि मंडपामागच्या पळसाच्या झाडांकडे लगबगीने निघाले. वाद्य थांबलं. शेजारच्या गावचं मंडळ मंडपाच्या कडेला आपली वाद्यं घेऊन उभं होतं, त्यांच्यातला एक जण पुढे सरकलाही. पण बाबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांनी पदर खोचला, मंडपाच्या मधोमध उकिडवं बसले, आणि सुनेला जवळ बोलावून बोलायला लागले. गाणं नाही, ढोलकी नाही, नुसतं बोलणं. गाळणीचं बोलले. नवऱ्याच्या आतलं टीव्हीवर लागलं तेव्हा शेजारी जाऊन बसायला निघालेली बायको अर्ध्या वाटेतून परत आली, ते बोलले. पोरीला शिकवलं तर पोरगी बापाच्या पोटात शिरली, ते बोलले. माझ्या शेजारी आई हसता हसता डोळे पुसत होती आणि मला कोपराने ढोसत होती. कडेला उभं असलेलं मंडळ वाद्यं खाली ठेवून मांडी घालून बसलं होतं.

काकाजी परत आले, बसले, ढोलकी मांडीवर घेतली आणि पहिली थाप मारायला हात उचलला. बाबांनी त्यांच्याकडे न बघताच हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांचं बोलणं अजून संपलं नव्हतं.